रीफ टँकमधल्या दगडावर फुकटात आलेला शिंपला: जगतो कसा, मरतो कशाने

दगड म्हणून विकत घेतला आणि दोन दिवसांनी त्या दगडाने तोंड उघडलं, हा प्रकार रीफ टँक, म्हणजे कोरल वाढवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, ठेवणाऱ्या माणसाच्या वाट्याला कधी ना कधी येतोच. जांभळट, खडबडीत, शेवाळलेला एक उंचवटा असतो, आपण त्याला दगडाचाच भाग समजून त्यावर एखादा कोरल चिकटवायच्या बेतात असतो आणि तेवढ्यात त्यात एक वाकडीतिकडी फट दिसते, आत मऊ मांसल कडा, आणि बोट जवळ नेलं की फट गायब. मग चार ओळखीच्यांना फोटो जातो आणि प्रश्न ठरलेले, हे काय आहे, काढू का, मरेल का, मेलं तर बाकीचा टँक घेऊन जाईल का.

हा हिचहायकर शिंपला. म्हणजे आपण मागवलेला नाही, दगडाला चिकटून आपोआप आलेला. उत्तर आधीच देऊन टाकतो: काढू नका, मरू शकतो, आणि मेलाच तर बहुतेक वेळा भुकेने मरेल. आजाराने नाही, पाणी खराब झालं म्हणून नाही, भुकेने. आणि गंमत अशी की आपण टँक जितका स्वच्छ आणि चकाचक ठेवू तितकी त्याची उपासमार जास्त.

आधी हे येतात कुठून ते बघू. पूर्वी अमेरिकेतल्या टँकवाल्यांकडे लाइव्ह रॉक, म्हणजे ज्यावर जिवंत प्राणी वाढलेत असा समुद्रातला दगड, यायचा तो फिजी, टोंगा, इंडोनेशिया इकडून, ओल्या कागदात गुंडाळून विमानाने, आणि त्या प्रवासात दगडावरचं बरंचसं जिवंत सामान मरून जायचं. फिजीने २०१७ च्या शेवटी कोरल आणि लाइव्ह रॉकची निर्यातच थांबवली. आता बहुतेक लोक कोरडा दगड घेऊन सुरुवात करतात आणि कोरड्या दगडावर शिंपला येण्याचा प्रश्नच नाही. पण फ्लोरिडाचा माल वेगळा आहे. तिथे समुद्रातला नैसर्गिक दगड उचलायला १९९० च्या दशकातच बंदी आली, मग लोकांनी सरकारकडून समुद्रतळाचे तुकडे भाड्याने घेतले, त्यावर खाणीतला चुनखडीचा दगड नेऊन टाकला आणि काही वर्षं तसाच राहू दिला. मेक्सिकोच्या आखातातलं पाणी म्हणजे प्लवकांनी भरलेलं, त्यामुळे त्या दगडावर स्पंज, बार्नकल, किडे आणि शिंपले अक्षरशः जागा मिळेल तिथे वाढतात. मग डायव्हर तो दगड वर काढतात आणि काही विक्रेते चक्क पाण्यात बुडवलेला पाठवतात. एका रात्रीत घरी. म्हणून जिवंत शिंपले मिळतात ते प्रामुख्याने या दगडावर, आणि पुढचं सगळं मी याच दगडाबद्दल लिहितोय.

पुण्या-मुंबईत बसून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच, नंतर कोणी म्हणायला नको. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ मध्ये दगडी प्रवाळ पहिल्या परिशिष्टात घातले गेले आणि मोठे ट्रायडॅक्ना शिंपलेही संरक्षित यादीत आहेत. आपल्या समुद्रातून प्रवाळाचा दगड उचलणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे, वाघाच्या कातड्यासारखाच, तेव्हा कोणी 'जिवंत दगड आहे, गुपचूप देतो' म्हणालं तर नको म्हणा.

असो. आता शिंपला समजून घेऊ, कारण तो आत काय करतो हे एकदा कळलं की बाकीचे प्रश्न आपोआप सुटतात.

शिंपल्याच्या दोन शिंपा मागे बिजागरीने जोडलेल्या असतात आणि त्या बिजागरीत एक लवचीक पट्टी असते जी शिंपा कायम उघडायला बघते. बंद करायचं काम आतला जाड स्नायू करतो. म्हणजे उघडं राहणं फुकट आहे आणि बंद होणं ही मेहनत आहे. आपल्याला वाटतं उलट, की तोंड उघडून बसलाय म्हणजे खूश आहे, मस्त खातोय. तसं असेलही, पण मेलेला शिंपलाही उघडाच असतो, कारण स्नायू सुटला की पट्टी आपलं काम करते. कोकणातल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको. तिसऱ्या घेताना तोंड वासलेली एखादी दिसली की टिचकी मारून बघतात, मिटली तर जिवंत, नाही मिटली तर बाजूला टाकायची. आणि शिजवताना वाफ लागली की सगळ्या पटापट उघडतात, तेही स्नायूची पकड गेल्यामुळेच. टँकमधल्या शिंपल्याची तब्येत बघायची ती याच टिचकीने, फरक इतकाच की इथे टिचकीऐवजी पंपाने किंवा पिपेटने थोडं पाणी मारायचं. झटकन मिटला तर ठणठणीत, सावकाश सावकाश मिटला तर काहीतरी बिनसलंय, आणि मिटलाच नाही तर पुढचं वाचायची घाई करा.

दुसरं म्हणजे शिंपल्याला डोकं नाही, दात नाहीत, गोगलगायीसारखी खरवडायची जीभ नाही. तो काही पकडून खात नाही. त्याचे कल्ले मोठे आणि चाळणीसारखे, त्यावर बारीक केसांसारखे तंतू सतत हलत असतात, त्यांनी पाणी एका बाजूने आत ओढलं जातं, पाण्यातले कण कल्ल्यांवर अडकतात, चिकट द्रवात गुंडाळले जातात, तोंडाजवळच्या पाळ्यांवर त्यांची निवड होते, चालणारं आत जातं आणि नको असलेलं न खाताच बाहेर टाकलं जातं. त्यामुळे शिंपल्यासमोर कधी कधी तपकिरी धाग्यांचा गोळा पडलेला दिसतो, लोक घाबरतात, पण ती विष्ठाच असते असं नाही, तो नाकारलेला माल असू शकतो. तो दिसला तर उलट बरं, याचा अर्थ चाळण चालू आहे.

आता कोण कोण येतं. सगळ्यांची नावं पाठ करायची गरज नाही, पण चिकटलाय कसा हे बघितलंत तर निम्मी ओळख तिथेच होते.

आखाताच्या दगडावर हमखास सापडणारा म्हणजे ज्वेल बॉक्स, शास्त्रीय नाव कामा. हा एक शिंप दगडाला सिमेंटसारखी कायमची चिकटवतो, वरची शिंप झाकणासारखी उघडझाप करते, आणि पाठीवर कोरलाइन नावाचं कडक जांभळट शेवाळ, स्पंज, किड्यांच्या नळ्या असं सगळं वाढलेलं असल्यामुळे मिटला की दगडच. 'दगडाने तोंड उघडलं' ही बऱ्याचदा याचीच करामत. त्याच प्रकारे चिकटणारा पण काटेरी आणि मोठा तो थॉर्नी ऑयस्टर, स्पाँडिलस, त्याच्या कडेने ओळीने बारीक डोळे असतात, हो खरेखुरे डोळे. हात घालताना हातमोजे घाला, काटे लागतात, आणि उबदार आखाताच्या पाण्यात व्हिब्रिओसारखे जंतू असतात, तेव्हा हाताला जखम असेल तर नुसता हात घालूच नका.

मग आर्क शिंपले. त्यातला टर्की विंग, आर्का झेब्रा, तपकिरी-पांढऱ्या नागमोडी पट्ट्यांचा, लांबट, दगडाच्या खाचेत धाग्यांनी स्वतःला बांधून बसलेला. यांच्या मँटलच्या, म्हणजे शिंपेच्या आतून कडेला दिसणाऱ्या मऊ पडद्याच्या, काठावर संयुक्त डोळे असतात, अगदी कीटकांच्या डोळ्यांच्या धर्तीचे. त्याला चित्र वगैरे दिसत नाही, पण सावली सरकली की कळतं. म्हणून आपण काचेजवळ गेलो की तो मिटतो, आणि आपल्याला वाटतं हा कधी उघडतच नाही. लांबून बघा, किंवा लाल टॉर्चने रात्री बघा. याच कुळातल्या काही जातींच्या रक्तात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, म्हणून काही ठिकाणी त्यांना रक्ती शिंपलेच म्हणतात.

दगडाला दोन जुळी भोकं दिसली, किंवा आठाच्या आकाराचं एक भोक, आणि त्यातून बारीक नळ्या बाहेर डोकावताना दिसल्या तर तो दगड पोखरून आत राहणारा. लिथोफागा म्हणजे खजुराच्या बीसारखे दिसणारे मसल्स, ते रसायन सोडून चुनखडी विरघळवत आत जातात. इटलीत पोझ्झुओली गावी जुन्या रोमन बाजाराचे खांब आहेत, त्यांवर जमिनीपासून बरंच वर यांची भोकं आहेत, म्हणजे ती जमीन एकदा समुद्रात खचली आणि परत वर आली, आणि चार्ल्स लायेलने १८३० मध्ये भूगर्भशास्त्रावरच्या आपल्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर त्या खांबांचं चित्र छापलं होतं. तर असा हा नामांकित प्राणी तुमच्या दगडात भोकात बसलाय, त्याला बसू द्या, काढायचा म्हटलं तरी दगड फोडावा लागेल.

सपाट, कागदासारख्या पातळ शिंपांचे आयसोग्नोमॉन आणि चकचकीत जिंगल शेल्सही येतात, ते लहान असतात आणि फारसा त्रास देत नाहीत. आणि क्वचित नशिबाने, किंवा खरं तर कमनशिबाने, लाल मिशांचा फाइल शेल येतो, ज्याला दुकानात फ्लेम स्कॅलप म्हणून विकतात. तो खरा स्कॅलप नाही, वेगळ्याच कुळातला आहे. दिसायला सगळ्यात देखणा आणि जगवायला सगळ्यात अवघड. दगडावर आलाच तर प्रयत्न करा, पण दुकानातून विकत आणू नका, बहुतेक घरगुती टँकमध्ये तो काही महिन्यांत उपाशी मरतो हे हा छंद करणाऱ्या प्रत्येक जुन्या माणसाला माहीत आहे आणि तरी तो विकला जातो, याचा मला खरंच राग येतो.

आता मुख्य गोंधळ. इंटरनेटवर शिंपला कसा पाळायचा शोधलं की बहुतेक माहिती ट्रायडॅक्नाची निघते, तेच ते निळे-हिरवे झगमगते मँटलवाले, ज्यांच्यातली सगळ्यात मोठी जात एक मीटरच्या वर आणि दोनशे किलोच्या पुढे जाते. त्यांच्या मँटलमध्ये झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर साखर बनवतं आणि शिंपल्याला देतं, म्हणून तिथे सगळा सल्ला लाइटचा: इतका पार, म्हणजे शैवालाला वापरता येणारा उजेड, द्या, इतके तास द्या. पण ट्रायडॅक्ना हिंदी आणि प्रशांत महासागरातले. फ्लोरिडाच्या दगडावर ते आपोआप येणार नाहीत. तुमच्याकडे आलाय त्याला उजेडाशी काही देणंघेणं नाही, उलट तो बरेचदा दगडाच्या खालच्या बाजूला, सावलीत वाढलेला असतो. त्याला वर आणून महागड्या लाइटखाली ठेवला तर एवढंच होईल की त्याच्या पाठीवर शेवाळ वाढेल. उजेडावर जगणारा आणि कणांवर जगणारा हे दोन वेगळे प्राणी धरा, नुसते दिसायला सारखे.

कणांवर जगणाऱ्याची भूक केवढी असते त्याचा अंदाज घ्यायचा तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं कालव बघा. मोठं, निरोगी कालव, पाणी उबदार असताना, दिवसाला जास्तीत जास्त ५० गॅलन म्हणजे साधारण १९० लिटर पाणी गाळतं असा आकडा तिथे सगळीकडे सांगितला जातो. तुमचा टँक ७५ गॅलनचा, म्हणजे साधारण २८५ लिटरचा. म्हणजे एकच धट्टंकट्टं कालव दीड दिवसात तुमचा अख्खा टँक एकदा पिऊन रिकामा करणार. समुद्रात त्याच्यासमोरून दर क्षणाला नवीन पाणी, नवीन प्लवक जातं. टँकमध्ये तेच पाणी पुन्हा पुन्हा, आणि वर आपण लावलेलं काय काय: फिल्टर सॉक, म्हणजे पाणी गाळायची पिशवी, कण अडवतो, प्रोटीन स्किमर, म्हणजे फेसाबरोबर घाण वर काढणारं यंत्र, उरलेले काढतो, युव्ही दिवा तरंगणारं शैवाल मारतो. शिंपला दिवसभर पाणी गाळतोय आणि त्यात काहीच नाही.

आणि हे पटकन दिसत नाही, तीच मेख आहे. शिंपला आधी साठवलेलं ग्लायकोजेन वापरतो, मग स्वतःचं मांस. बाहेरून शिंप तेवढीच दिसते, आतला जीव आक्रसत जातो. दोन महिने, चार महिने, कधी त्याहून जास्त, रोज उघडतोय, मिटतोय, आपण म्हणतो बघा किती छान जगलाय, काही खायलाही लागत नाही, आणि एक दिवस अचानक गेला. अचानक नाही गेला. मँटल पूर्वी शिंपेच्या काठापर्यंत भरून यायचं, ते आत आत सरकलंय का, मिटायला पूर्वीपेक्षा वेळ लागतोय का, आत बघितलं तर पोकळी जास्त दिसतेय का, ही लक्षणं आधीपासून असतात.

मग खायला काय द्यायचं. आर्टेमिया, मायसिस, माशांचे फ्लेक्स यातलं काहीही नाही. नुकतं जन्मलेलं आर्टेमियाचं पिल्लू साधारण अर्धा मिलिमीटर, शिंपल्याला हवेत ते कण चार-पाच ते वीस-पंचवीस मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीच्याही कितीतरी खाली. ते म्हणजे फायटोप्लँक्टन, पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शैवाल, थोडक्यात फायटो. इथेही एक खाच आहे जी बाटलीवर कोणी लिहीत नाही. सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं फायटो म्हणजे नॅनोक्लोरॉप्सिस, ते जेमतेम दोन मायक्रॉनचं, शिवाय त्याची पेशीभिंत चिवट. बऱ्याच शिंपल्यांची चाळण चार मायक्रॉनच्या वरचं चांगलं पकडते, त्याखालचं निसटून जातं, आणि स्कॅलप किंवा आर्कसारख्या साध्या कल्ल्यांच्या मंडळींकडून तर जास्तच निसटतं. म्हणून नुसतं नॅनो ओतून पाणी हिरवं केलं तरी पोट भरेलच असं नाही. आयसोक्रायसिस पाच मायक्रॉनच्या आसपास आणि चरबीने समृद्ध, टेट्रासेल्मिस दहाच्या आसपास, ही दोन असतील तर उत्तम, मिश्रण असेल तर आणखी छान. कालवांच्या हॅचरीत पिल्लांना पिढ्यान् पिढ्या हेच घालत आलेत, आपण काही नवीन शोध लावत नाहीये.

घरी वाढवणं फार अवघड नाही. दोन लिटरची स्वच्छ बाटली, मिठाचं पाणी, एफ-टू नावाचं खत, हवा सोडायची कडक नळी, एक साधा एलईडी, आणि सुरुवातीला थोडं विरजण म्हणून जिवंत कल्चर. आठवड्याभरात रंग गडद होतो, अर्धं काढून वापरायचं, उरलेल्यात नवीन पाणी घालायचं. टेट्रासेल्मिस चिवट आहे, नवशिक्याने त्यापासून सुरुवात करावी, आयसोक्रायसिस उन्हाळ्यात लवकर बसतं. रंग उडाला, तळाला साका बसला आणि घाण वास आला तर ते टँकमध्ये ओतायचं नाही, सिंकमध्ये ओतायचं. विकतचं घेतलंत तर फ्रिजमध्ये ठेवा आणि रोज हलवा, पेशी खाली बसून गुदमरतात.

किती द्यायचं याचं एकच एक उत्तर नाही, पण पद्धत आहे. थोडं द्या, तासाभरासाठी स्किमर आणि युव्ही बंद ठेवा, पंप चालू ठेवा, आणि बघा पाण्याची हिरवी झाक किती वेळात जाते. तीन-चार तासांत पाणी लख्ख झालं तर खाणारी तोंडं आहेत, पुढच्या वेळी जरा वाढवा. दुसऱ्या दिवशीही हिरवटच असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त ओतताय आणि आठवड्याने नायट्रेट-फॉस्फेट वाढून केसाळ शेवाळ येईल. एकदम भरपूर देण्यापेक्षा रोज थोडं, जमल्यास दिवसातून दोनदा, हे शिंपल्याच्या स्वभावाला धरून आहे, कारण तो जेवत नाही, चरतो.

माझं स्पष्ट मत विचाराल तर ज्याला असे शिंपले जगवायचेत त्याने टँक थोडा 'घाण' ठेवावा. फिल्टर सॉक काढून टाका. मासे जरा जास्त, खाऊ जरा जास्त, वाळूवर हलका गाळ, सम्पमध्ये, म्हणजे टँकखालच्या जोडटाकीत, शेवाळ वाढवायचा कप्पा. माशांच्या विष्ठेचे बारीक कण, बॅक्टेरिया, दगड झटकल्यावर उडणारा गाळ हेही शिंपल्याच्या पोटात थोडंफार जातं. आठवड्यातून एकदा टर्की बेस्टरने, म्हणजे त्या मोठ्या ड्रॉपरने, दगडांवरचा गाळ पाण्यात उडवून द्या. नखाएवढे छोटे शिंपले अशा टँकमध्ये वेगळं काही न देता वर्षानुवर्षं जगतात, त्यांची काळजी करत बसू नका. प्रश्न असतो तो मुठीएवढ्याचा. त्याला उरलंसुरलं पुरत नाही.

पाण्याचं फार सांगण्यासारखं नाही. कोरलला चालतं ते याला चालतं: क्षारता ३५ पीपीटी, तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, अल्कलिनिटी ७ ते ९ डीकेएच. शिंप कॅल्शियम कार्बोनेटची असते त्यामुळे ही दोन घसरू द्यायची नाहीत. तांबं मात्र अजिबात नको, माशांच्या इचवर, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर, जे तांब्याचं औषध देतात त्यातला अगदी अंश शिंपल्याला मारतो, आणि ते औषध एकदा वापरलेल्या टँकमधला दगड, वाळू यांच्यावरही भरवसा ठेवायचा नाही. दगड आणल्यावर पाण्याची क्षारता जुळवून हळूहळू सोडा. क्षारता बदलली की शिंपला मिटून घेतो, एखाद-दोन दिवस उघडणारच नाही, तोवर त्याला डिवचू नका.

आणि किडे-खेकडे मारायला दगड गोड्या पाण्यात बुडवायची युक्ती सांगतात, त्यात शिंपले आणि स्पंजही जाऊ शकतात. दगड उकळायची युक्ती तर त्याहून वाईट, दगडावर पॅलिथोआ हा कोरलसारखा प्राणी असेल तर त्याचं पॅलिटॉक्सिन नावाचं विष वाफेतून घरभर पसरतं आणि अशाने अख्खी कुटुंबं हॉस्पिटलात गेलेली आहेत. गंमत म्हणून सांगत नाहीये.

काढायचा मोह होतो, म्हणजे मला हा पुढे काचेजवळ ठेवायचाय वगैरे. सिमेंटने चिकटलेला ज्वेल बॉक्स किंवा थॉर्नी ऑयस्टर निघत नाही, ओढलात तर शिंप तुटते आणि आतला जीव उघडा पडतो. दगडासकट हलवा. धाग्यांनी बांधलेला आर्क किंवा मसल असेल तर ते धागे त्याच्या पायाजवळच्या ग्रंथीतून आलेले असतात, ओढलं की ग्रंथीच फाटते. अगदी काढायचाच तर ब्लेडने धागे दगडाजवळ कापा, नवीन धागे तो स्वतः बनवेल. मसल मंडळी तर आपली आपण जागा बदलतात, रात्री इथे होता आणि सकाळी तिथे, हे दिसलं तर घाबरू नका, त्याला प्रवाह आवडला नसेल. दगड ठेवताना शिंपल्याचं तोंड वाळूत किंवा दुसऱ्या दगडाला टेकणार नाही, समोरून मध्यम प्रवाह जाईल, आणि पाठीवर स्पंज असेल तर तो हवेत उघडा पडणार नाही, एवढं बघा. स्पंजमध्ये हवा शिरली की तो सडायला लागतो आणि मग शिंपल्याच्या पाठीवरच कुजका माल.

शत्रू बहुतेक त्याच दगडातून येतात. रात्री टक् टक् असा काचेवर खडा मारल्यासारखा आवाज येतो का ऐका, येत असेल तर मँटिस श्रिंप आहे आणि तो शिंपल्यांच्या शिंपा फोडून खातो. केसाळ, काळ्या नांग्यांचा खेकडा दिसला तर त्यालाही सम्पमध्ये हलवा. रिकाम्या शिंपेवर सुबक गोल भोक असेल तर मारेकरी गोगलगाय आहे, भोक पाडून आतलं खाणारी, ती शोधून काढा. शिंपेच्या काठावर तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या गोगलगायी रात्री चिकटलेल्या दिसल्या तर त्या पिरॅमिडेला, सोंड खुपसून रस शोषतात, मऊ ब्रशने झाडून काढा. मेलेल्या शिंपल्यात ब्रिसल वर्म दिसला की सगळे त्याच्यावर आळ घेतात, पण बहुतेक वेळा तो तेराव्याचं जेवायला आलेला असतो, खून त्याने केलेला नसतो. मासे म्हणाल तर ट्रिगर, पफर, कॉपरबँड आणि बरेच एंजल मँटलचे लचके तोडतात. आणि आत छोटासा मऊ खेकडा हलताना दिसला तर तो पी क्रॅब असू शकतो, तो शिंपल्याच्या आतच राहतो आणि गाळलेल्या मालातून स्वतःचा वाटा काढून घेतो, त्याचं काही करता येत नाही.

आता तो मेला तर. पाण्याचा झोत मारून मिटला नाही, तोंड आ वासलेलं, हर्मिट खेकडे जमलेत, बाहेर काढून हुंगलं तर वास, म्हणजे गेला. मोठ्या टँकमध्ये नखाएवढा शिंपला मेला तर कळणारही नाही, सफाई कामगार रात्रीत संपवतात. पण २० गॅलनच्या टँकमध्ये मुठीएवढा थॉर्नी ऑयस्टर मेला आणि आपण वीकेंडला बाहेरगावी, तर अमोनिया झरझर वाढतो आणि मासे श्वासासाठी वर येऊन तरंगतात. अशा वेळी मांस त्याच दिवशी काढा. सिमेंटने चिकटलेला असेल तर चिमट्याने आतलं मांस ओढून काढा, शिंप तिथेच राहू दे. अमोनिया मोजा, पाव टँक पाणी बदला, कार्बन लावा, एअर स्टोन सोडा. लहान टँक आणि मोठा शिंपला ही जोडी म्हणूनच मला पसंत नाही.

कधी कधी उलटाच प्रकार होतो, अचानक पाणी दुधाळ, स्किमर उसळून वाहतोय, आणि शिंपला पांढरा धूर सोडतोय. मेला नाही, प्रजनन करतोय. बरेच शिंपले शुक्राणू किंवा अंडी थेट पाण्यात सोडतात, आणि तापमान थोडं वर गेलं किंवा जागा बदलली की हे ट्रिगर होतं. पिल्लं आठवडा-दोन आठवडे तरंगत राहतात आणि आपल्या पंप-फिल्टरमधून सहसा वाचत नाहीत. कार्बन लावा, थोडं पाणी बदला, लहान टँकमध्ये ऑक्सिजन कमी पडू शकतो तेव्हा हवा वाढवा, बस.

पुरेसं खातोय की नाही हे बघायचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे शिंपेचा काठ. वाढणाऱ्या शिंपल्याच्या काठाला नवीन, कोरी, बहुधा पांढरट पट्टी दिसते जिच्यावर अजून कोरलाइन शेवाळ चढलेलं नसतं. दर महिन्याला एकाच कोनातून, शेजारी स्केल धरून फोटो काढा. पट्टी रुंद होतेय तर तुमचं गणित जमलंय, तेच चालू ठेवा. तीन-चार महिने काठ जुन्या शेवाळाने माखलेला, मँटल आत सरकतंय आणि फायटो वाढवायला तुमच्या टँकमध्ये जागा नाही, असं असेल तर तो दगड, शिंपल्यासकट, ओळखीतल्या मोठ्या, गाळकट, भरपूर माशांच्या टँकवाल्याला देऊन टाका. घरापासून समुद्र जवळ आहे म्हणून समुद्रात मात्र सोडू नका, टँकमधले परजीवी, जंतू आणि परके किडे त्याच्यासोबत जातात, अगदी तो मूळचा तिथलाच असला तरी.